अभिप्राय

कवितेवर अभिप्राय देणे हे काम दिसते तितके सोपे नाही. ज्याने कविता लिहिली त्यास ती पोटच्या पोराप्रमाणे वाटत असते, आणि पोराचे नाक नकटे आहे हे त्याच्या आईस तोंडावर सांगण्याचे धैर्य फारच थोड्यांच्या ठायी असते. म्हणून बहुतेक लोक ‘छान आहे, लिहीत जा’ एवढे बोलून मोकळे होतात. दारी आलेल्या याचकाच्या झोळीत चिमूटभर पीठ टाकावे आणि दार लावून घ्यावे, तशातला हा प्रकार. दुसरे काही लोक ऱ्हस्वदीर्घ तपासून देतात. तिसरे त्याहून उत्साही. ते आपणच ती कविता कशी लिहिली असती हे सविस्तर सांगतात. या तिन्ही वर्गांत एक गोष्ट समान असते. कविता अशी कोणी वाचलेलीच नसते.

मी पुष्कळ वर्षे शाळेत मराठी शिकविले. त्यामुळे निवृत्त झाल्यावरही माझ्याकडे कविता येत असतात. त्यातून आमचे डोंबिवली गाव साहित्याच्या बाबतीत फार हौशी. 2017 साली येथे नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हा गावात जितकी बिऱ्हाडे आहेत तितके कवी निघतील असे आमचे मामंजी थट्टेने म्हणत. तेव्हा अभिप्राय देणे हा माझ्या नित्यक्रमाचाच एक भाग होऊन बसला आहे. परंतु गेल्या पावसाळ्यात जी कविता माझ्यापुढे आली, तिने या साध्या वाटणाऱ्या कामाचा मला नव्याने विचार करावयास लावले.

कविता माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची होती. मुलगी मराठी कॅथलिक कुटुंबातील. वडिलांचे मूळ घर ठाण्याच्या पलीकडे एका लहानशा गावठाणात. आजी अजून तेथेच असते. आजीचे माहेर वसईकडचे. मुलगी लहानपणी दर रविवारी आजीकडे जात असे, आणि त्या गावठाणातील लहानशा चर्चमधील रविवारची सकाळ हाच कवितेचा विषय होता.

कविता वाचून मला आनंद झाला. पहाटे आजी पेटीतून ठेवणीतले लुगडे काढते. गल्लीतला कुत्रा फाटकापर्यंत पोचवायला येतो. मिस्सा अर्ध्या तासात संपते, पण अंगणातील बायकांच्या गोष्टी तासभर चालतात. कोणाचा मुलगा आखातात गेला, कोणाचे लग्न ठरले, उंबराच्या पाण्याला कोणाकोणाला बोलवायचे, याचा तेथेच निकाल लागतो. (उंबराचे पाणी म्हणजे लग्नापूर्वी वाजतगाजत विहिरीवरून पाणी आणण्याचा त्यांच्यातील विधी.) मग ऑक्टोबरातील आगेऱ्याचे वर्णन. आगेरा हा नव्या पिकाचा सण. त्या दिवशी नवे भात देवापुढे नेतात. गावठाणाभोवतीची शेते आता इमारतींखाली गेली आहेत, तेव्हा देवापुढे न्यावयाचे भातही लांबून जुडी बांधून आणावे लागते, असे तिने लिहिले होते. ही ओळ वाचून मी क्षणभर थांबले. ठाणे आणि कल्याण यांच्या मधला सगळा भूभाग गेल्या पन्नास वर्षांत कसा पालटला, हे त्या एका जुडीत आले होते.

शेवटचे कडवे मात्र निराळे होते. त्यात चर्चची घंटा आणि शेजारच्या शिवालयाची घंटा एकाच वेळी वाजतात, आणि दोहोंचा नाद आकाशात एक होऊन शांतीचा संदेश देतो, असे होते.

मुलगी नुसता अभिप्राय मागावयास आली नव्हती. एका मासिकाच्या दिवाळी अंकासाठी तिने ही कविता पाठविली होती, आणि संपादकांचे उत्तर आले होते. कविता आवडली, घेऊ. पण ‘देऊळ’ या शब्दाने वाचकांचा घोटाळा होईल, तेथे ‘चर्च’ करावे. ‘मिस्सा’ ऐवजी ‘प्रार्थना’ घालावी. उंबराचे पाणी गाळावे. आणि शेवटच्या कडव्यातील भावना फार सुंदर आहे, ती आणखी थोडी फुलवावी. आठ दिवसांत कळवावयाचे होते. इकडे आजीने अंथरूण धरलेले. वय अठ्ठ्याऐंशी, डोळ्यांनी फारसे दिसत नाही. छापलेला अंक हातात घेऊन दिवाळीत आजीला कविता वाचून दाखवावी ही मुलीची इच्छा. नकार दिला तर कविता परत येणार, आणि पुढच्या दिवाळीची खात्री कोणी द्यावी?

“बाई, तुम्ही म्हणाल तसं करते,” असे म्हणून तिने कागद पुढे केला.

आमचे घर एकत्र कुटुंबाचे. कोणी काही वाचावयास बसले की चार माणसे आपोआप गोळा होतात. मी कविता मोठ्याने वाचली. वाचून संपताच आमचे धाकटे भावोजी टाळी देऊन म्हणाले, “वा! सर्वधर्मसमभाव म्हणतात तो हाच! अगदी आपल्यासारखंच आहे की हो सगळं!” भावोजींचा हेतू निर्मळ होता. पण मुलीचा चेहरा किंचित उतरला, आणि मला त्याचे कारण समजले. तिने आजीविषयी लिहिले होते. भावोजींनी स्वतःच्या उदारपणाविषयी अभिप्राय दिला होता. दुसऱ्याच्या जगण्यात आपलेच प्रतिबिंब पाहून खूष होणे ही स्तुती खरी, पण ती आरशाची स्तुती.

आमच्या सासूबाई कोपऱ्यात वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनी स्तुती केली नाही. त्या म्हणाल्या, “देऊळ म्हणालीस तेव्हा मला आमच्या गावचं देऊळच दिसायला लागलं. मग मिस्सा आली तेव्हा समजलं. पण तुझी आजी देवळात शिरताना करते काय? आम्ही पायरीला हात लावतो.”

एवढा साधा प्रश्न! पण मला त्यावरून एक जुनी हकीकत आठवली, आणि ती आमच्या ठाण्याशी थोडी संबंध असलेली आहे म्हणून येथे सांगते.

ठाण्यास पोर्तुगीज काळापासूनची कॅथलिक वस्ती आहे, आणि मासुंदा तलावाच्या काठचे सेंट जॉन चर्च सर्वांस ठाऊक आहे. त्याखेरीज इंग्रजी अमलात येथे सेंट जेम्स नावाचे एक प्रॉटेस्टंट चर्च बांधले गेले. 1825 साली त्याचा प्रतिष्ठाविधी करण्यासाठी कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर हे ठाण्यास आले होते. हे हेबर स्वतः कवी होते. त्यांची उपासनागीते आजही इंग्रजी बोलणाऱ्या ख्रिस्ती जगात ठिकठिकाणी गाइली जातात. ठाण्याच्या भेटीनंतर पुढच्याच वर्षी, 1826 मध्ये, त्रिचनापल्ली येथे त्यांचा अंत झाला, आणि त्यांच्या गीतांचा संग्रह त्यांच्या मागून प्रसिद्ध झाला.

हेबर ऑक्सफर्डला विद्यार्थी असता 1803 साली त्यांनी ‘पॅलेस्टाइन’ नावाची एक दीर्घ कविता विद्यापीठाच्या पारितोषिकासाठी लिहिली. त्या सुमारास सर वॉल्टर स्कॉट ऑक्सफर्डला आले होते. हेबरांचे वडील बंधू त्यांचे स्नेही. सकाळच्या न्याहारीच्या वेळी ही कविता स्कॉटसाहेबांस वाचून दाखविण्यात आली. स्कॉट तोवर कवी म्हणून नावारूपास येत होते. त्यांस पाठीवर थाप मारून निघून जाता आले असते. त्यांनी तसे केले नाही. ते इतकेच म्हणाले की, सॉलोमन राजाच्या मंदिराचे वर्णन करताना एक लक्षणीय गोष्ट तुमच्या हातून सुटली. ते मंदिर बांधताना कोणतेही हत्यार वापरले गेले नव्हते. बायबलात तसे वर्णन आहे. दगड खाणीतच घडवून आणीत, आणि मंदिराच्या जागी हातोड्याचा वा कुऱ्हाडीचा आवाज झाला नाही. हेबर खोलीच्या एका कोपऱ्यात जाऊन बसले आणि मंडळी उठण्यापूर्वी काही नव्या ओळी लिहून घेऊन आले. पुढे त्या कवितेतील सर्वांत नावाजलेल्या ओळी त्याच ठरल्या.

स्कॉटच्या या अभिप्रायात काय होते? स्तुती नव्हती, दोष नव्हता, उपदेशही नव्हता. कवीला जे आधीच ठाऊक होते, पण जे कवितेत यावयाचे राहिले होते, त्याकडे बोट दाखविलेले होते. बायबल हेबरांस स्कॉटपेक्षा कमी पाठ नसणार. पण माणसाच्या अगदी जवळचे असते तेच पुष्कळदा लिहावयाचे राहते; त्यास ते सांगण्याजोगे वाटत नाही. ते त्याच्याकडून काढून घेणे हेच अभिप्रायाचे काम होय.

सासूबाईंच्या प्रश्नाने नेमके हेच केले. मुलगी जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “दाराशी पवित्र पाण्याचं कुंड असतं, आजी. त्यात बोटं बुडवून कपाळाला लावायची, क्रुसाची खूण करायची, आणि मग आत जायचं. मी लहान होते, माझा हात पोचायचा नाही. मग आजी आपलं ओलं बोट माझ्या कपाळाला लावायची.”

“हे कवितेत कुठं आहे?” मी विचारले.

“नाही. हे काय लिहायचं, असं वाटलं.”

“ते पाणी रोज बदलतात का गं?” सासूबाईंनी विचारले. पावसाळ्यात साठवलेल्या पाण्याचा त्यांस मोठा धाक. मुलगी हसली आणि म्हणाली, “आजीला विचारून सांगते.”

मग आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. प्रथम मी तिला कवितेचे दोष सांगितले. तिने भाताची ‘कणसे’ लिहिली होती. कणीस ज्वारीचे, भाताची लोंबी. आजी लोंबीच म्हणत असणार. आगेऱ्याचे वर्णन दोन कडव्यांत पसरले होते, ते एकात मावण्याजोगे होते. दोन ठिकाणी यमकासाठी शब्द ओढून आणले होते. ती निमूटपणे खुणा करीत गेली.

येथे थोडे विषयांतर करते. परक्या धर्मातील मुलीने आपल्या घरी येऊन कविता दाखविली म्हणजे आपण तिच्याशी जपून बोलतो. हे सौजन्य आहे. पण त्या सौजन्यात एक अंतरही आहे. पाहुण्याच्या हातची भाजी अळणी झाली तरी आपण ‘उत्तम’ म्हणून खातो. मीठ कमी पडले हे आपण घरच्या सुनेस वा मुलीस सांगतो. ही मुलगी मराठी भाषेच्या घरी पाहुणी आहे काय? तिची आजी आणि पणजी ज्या भाषेत बोलल्या, रडल्या, भांडल्या, ती भाषा मराठीच. तेव्हा मीठ कमी असेल तर तिला ते सांगितलेच पाहिजे. न सांगणे म्हणजे तिला ओसरीवर बसविणे होय.

आता शब्दांचा प्रश्न. संपादकांचे म्हणणे अगदीच अग्राह्य होते असे नाही. वाचकास कळले पाहिजे ही त्यांची काळजी रास्त आहे. परंतु ‘देऊळ’ हा शब्द मुलीने कल्पनेने घातलेला नव्हता. वसईकडील ख्रिस्ती लोक आपल्या बोलीत चर्चला देऊळच म्हणतात. आजी आयुष्यभर देवळात गेली. चर्चमध्ये ती कधी गेलीच नाही. तो शब्द बदलला म्हणजे घोटाळा टळेल हे खरे, पण कवितेतून आजीही निघून जाईल. आणि सासूबाईंस जो घोटाळा झाला तो किती वेळ टिकला? चार ओळी. त्या चार ओळींत त्यांनी स्वतःचे देऊळ पाहिले आणि मग दुसरे पाहिले. असा घोटाळा कवितेस अपाय करीत नाही.

‘मिस्सा’ या शब्दाचेही तसेच. तो परका वाटतो, कारण तो पोर्तुगीजांबरोबर आला. पण नाताळ, चावी, फीत, पाव, बटाटा, हापूस हे शब्द कोठून आले? महिनाअखेर ज्याची आपण वाट पाहतो तो ‘पगार’सुद्धा त्याच गलबतातून उतरला. हे सारे आपल्या स्वयंपाकघरात आणि देवघराच्या किल्लीशीही सुखाने नांदत आहेत. एकट्या मिस्सेनेच दाराबाहेर का उभे राहावे? शिवाय ‘प्रार्थना’ म्हणजे मिस्सा नव्हे. प्रार्थना घरी बसूनही होते. आजीच्या तरुणपणी तर मिस्सा लॅटिनमध्ये चाले. 1962 ते 1965 या वर्षांत झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती लोकांच्या भाषेत होऊ लागली. न समजणारी पण कानांत मुरलेली ती भाषा ऐकत आजी गुडघे टेकून बसत असे. संस्कृत मंत्र ऐकत पाटावर बसलेल्या आमच्या सासूबाईंस हे अधिक सांगावयास नको. पण हे साम्य कोणी पताका लावून दाखविलेले नाही. तपशील खरा असला की ते आपोआप दिसते.

या बाबतीत जुन्या लोकांची दृष्टी आपल्याहून मोकळी होती असे म्हणावे लागते. इंग्लंडातून 1579 साली गोव्यास आलेले फादर स्टीफन्स यांनी मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते 1616 साली रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात ‘वैकुंठ’ हा शब्द आहे आणि ‘पाद्री’ हाही आहे. ओवी ज्ञानेश्वरांची, कथा ख्रिस्ताची. आणि दोहोंपैकी कोणासही संकोच वाटलेला नाही. अलीकडचे उदाहरण आपल्या कल्याणशी संबंध असलेले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे प्राथमिक शिक्षण कल्याणला झाले. 1895 साली त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा आपल्याच समाजाने त्यांच्याकडे पाठ फिरविली. पण त्यांनी मराठीकडे पाठ फिरविली नाही. इंग्रजी चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांच्या जागी त्यांनी अभंग, पदे, भजने आणि कीर्तन आणले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, आणि ती आज ज्या घरांतून आवडीने वाचली जातात, त्यांतील पुष्कळ घरांत त्या काळी त्यांस पाण्याचा पेलाही मिळाला नसता. त्यांनी आपले शब्द कोणाच्या सोयीसाठी बदलले असते तर ते पुस्तक आपल्या हाती आले नसते.

राहिले शेवटचे कडवे. त्याविषयी मी मुलीस विचारले, “त्या दोन घंटा तू खरोखर एकत्र ऐकल्यास?”

ती खाली पाहून म्हणाली, “नाही, बाई. गावठाणाजवळ शिवालयच नाही. ते तुमच्यासाठी लिहिलं.”

या उत्तराने मला वाईट वाटले, आणि कविता कोठे बिघडली हेही कळले. आम्हांस आवडावे म्हणून तिने ते लिहिले. संपादकांस तेच आवडले. भावोजींनीही त्यासच टाळी दिली. सारी कविता तिची, आणि वाहवा जे तिचे नव्हते त्याची! घंटांविषयीच लिहावयाचे तर खरी हकीकत तितकी गोड नाही. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तेथील चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून निरनिराळ्या देवळांत नेण्यात आल्या. त्यांपैकी एक नाशिकास नारोशंकराच्या देवळावर आहे. एकाचा विजय आणि दुसऱ्याची हानी त्या एकाच घंटेत आहे. त्यावर कधी तरी अवश्य लिही, असे मी तिला म्हटले. पण हे कडवे काढून टाक.

ती पुष्कळ वेळ विचार करीत बसली. कडवे काढले आणि शब्द ठेवले तर कविता दिवाळी अंकात येणार नाही हे आम्हां दोघींस दिसत होते. आजीचे वय माझ्याही डोळ्यांपुढे होते. परंतु जिच्यासाठी अंक हवा होता, तिलाच कवितेतून वगळून तो अंक तिच्या हाती देण्यात काय अर्थ? मी मला वाटले ते सांगितले. निर्णय तिच्यावर सोपविला.

तिने संपादकांस नम्रपणे कळविले, आणि कविता त्या अंकात आली नाही. मुलीने ती स्वच्छ अक्षरांत उतरून काढली, शेवटी ओल्या बोटाचे चार चरण घातले, आणि दिवाळीपूर्वीच्या रविवारी आजीच्या उशाशी बसून वाचून दाखविली.

पुढे ती मला भेटली तेव्हा मी विचारले, “आजी काय म्हणाल्या?”

“आजी म्हणाली, कुंड नव्हतं ते. भिंतीत दगडाचा शिंपला होता, शिंपला. एवढं कसं विसरलीस?” मग ती हसून पुढे म्हणाली, “आणि बाई, तुमच्या सासूबाईंना सांगा, ते पाणी दर शनिवारी बदलत. पुष्कळ वर्षं ते काम आजीच करायची. मला हे कधी माहीतच नव्हतं.”

कवितेत आता ‘शिंपला’ आहे. शनिवारच्या पाण्याविषयी तिने दुसरी कविता लिहावयास घेतली आहे. लिहून झाली की घेऊन येते म्हणाली. सासूबाईंस मी हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले की, शनिवारी ते जुने पाणी कोठे ओतीत असत. प्रश्न मी लिहून ठेवला आहे.